गाव नमुने लक्षात राहत नसतील तर आधी घरचा सातबारा काढा

"गाव नमुने चार वेळा वाचले, तरी सराव पेपर सोडवताना सहा कुठला आणि आठ-अ कुठला याचा घोळ होतोच," हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि माझी तलाठी भरतीची तयारी डोळ्यांसमोर आली. गाव नमुने म्हणजे तलाठ्याकडच्या, क्रमांक दिलेल्या जमीन-महसुलाच्या नोंदवह्या. वेळापत्रक, उजळणी वगैरे तुम्ही करतच असाल, ते सोडून देते.

माझी दोन वर्षं खाल्ली ती एका क्लासच्या तयार नोट्सनी. नाव घेत नाही. "स्वतःचं डोकं लावू नका, आहे तसं उतरवा," असं तिथे बजावायचे. चार रंगांच्या पेनांनी मी तीन वह्या उतरवल्या. पेपरात 'गाव नमुना 6' दिसला की हिरव्या शाईतलं शीर्षक आठवायचं, त्याखालची एक ओळ आठवायची नाही. एवढी दोन वर्षं घरून पैसे मागवत राहिले, याचं आजही वाईट वाटतं.

मग आजोबा गेले. वारस नोंदीसाठी बाबांबरोबर तलाठ्यांकडे गेले. बाबांनी पिशवीतून मृत्यूचा दाखला काढला, वारसांच्या यादीत आत्याचं नाव राहिलं होतं ते तिथेच उभ्याने लिहिलं. वारसांची नोंदवही 6-क, जमिनीच्या हक्कातले बदल लिहायची फेरफार नोंदवही 6, नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करणं. यातलं काहीही मला परत पाठ करावं लागलं नाही. आठ-अ म्हणजे आजोबांचा खातेउतारा, त्यांच्या नावावरची सगळी जमीन एकत्र दाखवणारा, एवढंच डोक्यात बसलं आणि पक्कं बसलं.

मी मानसशास्त्र शिकलेली नाही, पण 1977 साली रॉजर्स, कायपर आणि कर्कर यांनी केलेला प्रयोग मला पटतो. लोकांना विशेषणं दाखवून काहींबद्दल अक्षर मोठं आहे का, काहींबद्दल यमक जुळतं का, काहींबद्दल अर्थ तोच आहे का असं विचारलं, आणि काहींबद्दल "हे तुम्हाला लागू पडतं का?" स्वतःला लावून पाहिलेले शब्दच नंतर सर्वांत जास्त आठवले. विशेषणं म्हणजे महसूल कायदा नव्हे, हे मान्य. तरी रंगीत शाई म्हणजे अक्षराच्या आकाराशीच खेळणं, असं माझं ठाम मत आहे.

एक मात्र सांभाळा. घरची गोष्ट नियमापेक्षा घट्ट चिकटते. "सरपंचांनी नवा ग्रामसेवक आणला" हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून ग्रामसेवकाची नेमणूक कोण करतं याला मी ग्रामपंचायत लिहून आले. करतो जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी. तेव्हापासून वहीत डावीकडे आमच्या गावात काय घडलं ते आणि उजवीकडे कायद्यात काय आहे ते लिहायला लागले.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर बिनसहीचा सातबारा फुकट बघता येतो. शेती नसेल तर मामाचा काढा, पण ओळखीच्या माणसाचाच काढा.