बक्षीसपत्र दिले, आता औषधालाही पैसे नाहीत

प्रश्न : वय ७१. यजमान वारल्यावर वाट्याला आलेले घर-भाट (घर आणि नारळाची बागायत) मी पाच वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या नावे बक्षीसपत्राने केले. आता तो औषधालाही पैसे देत नाही. घर परत मिळेल? (फोंडा)

माई, आधी ते बक्षीसपत्र कपाटातून काढा. 'आईचा सांभाळ करीन' या अर्थाची ओळ त्यात आहे का, ते पाहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या निर्वाह कायद्याचे कलम २३ सांगते, की सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, फसवून घेतली असे धरून व्यवहार रद्द करता येतो. मात्र २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी अट होती हे दाखवावे लागते. नुसती माया पुरत नाही. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने कायद्याकडे उदारपणे पाहिले. तिथे मुलाने त्याच दिवशी वेगळे वचनपत्र लिहून दिले होते, तेही ग्राह्य धरले आणि घराचा ताबा आईला परत द्यायला सांगितले. तेव्हा असा एखादा कागद मुलाने दिला होता का, आठवून बघा. (लोक बक्षीसपत्र करायला जाताना पेढे नेतात, अट लिहायची मात्र संकोचाने टाळतात.)

अट सापडली नाही तरी निर्वाहाचा हक्क शाबूत आहे. त्यासाठी याच कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. त्याचे अध्यक्ष उपविभागीय दर्जाचे किंवा त्याहून वरचे अधिकारी असतात. सगळ्या मुलांविरुद्ध अर्ज करता येतो, आणि एकट्या थोरल्याविरुद्ध केलात तर तो इतर भावंडांना ओढू शकतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. मूळ कायद्यात निर्वाहाच्या रकमेची मर्यादा महिना १०,००० रुपयांची आहे. आदेश मोडल्यास महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : मी लग्न झालेली मुलगी. भाऊ म्हणतात, 'तू परक्या घरची, आईचा खर्च तुझ्यावर नाही.' (डिचोली)

असे म्हणणारे भाऊ विरळाच! कायदा मात्र मुलगा-मुलगी भेद करत नाही. १९८७ पासून सर्वोच्च न्यायालयही विवाहित मुलीला जबाबदार धरत आले आहे. आणि वाटा मागताना तुम्ही परक्या नव्हता, हे भावांना आठवेलच: गोव्यात मुलीला मुलाइतकाच वारसाहक्क आहे.

प्रश्न : मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला गेला, फोनही उचलत नाही. त्याला मृत्युपत्रातून वगळू? (पेडणे)

काका, निर्वाहाचा हा कायदा परदेशातल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. पण मुलाने नागरिकत्वच बदलले असेल, तर आदेशाची अंमलबजावणी तिथे करून घेणे कठीण. गोव्यात असलेल्या इतर मुलांकडे आधी मागणी करा.

वगळण्याचे म्हणाल, तर इथे ते इतके सोपे नाही. आपल्याकडे मुलांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते. ती मृत्युपत्राने मनाप्रमाणे देता येत नाही. मुलाला वारसातून काढायचे तर कायद्यात सांगितलेलेच कारण लागते आणि ते मृत्युपत्रात स्पष्ट लिहावे लागते. शिवाय विवाहातील मालमत्ता साधारणपणे पती-पत्नी दोघांची. काकूंचा अर्धा वाटा तुमच्या मृत्युपत्राच्या कक्षेत येतच नाही. नोटरीकडे दोघांनी मिळून जा.

प्रश्न : वकील लागतो का? (वाळपई)

निर्वाह कायद्याचा हेतू तरी वकिलाविना चालावे असाच आहे. आधार, उत्पन्नाचे आणि औषधांचे कागद न्या. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.