पाच दिवस, साडेचार वर्षांची लेक आणि सिंधुदुर्ग

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. आमची मुलगी साडेचार वर्षांची असून बालवाडीत जाते. येत्या हिवाळ्यात पाच दिवसांची रजा काढून तिला आणि सासूबाईंना घेऊन आमच्या गाडीने कोकणात जावे असे मनात आहे. गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, रेडी आणि परतताना आंबोली असा बेत यजमानांनी आखला आहे. एवढ्या लांब जायचे तर सगळे पाहून यावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलगी दुपारी झोपते, तिला गाडी लागते आणि घरी ती वरणभाताशिवाय फारसे काही खात नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना कुणकेश्वराचे दर्शन मात्र घ्यायचेच आहे. हा बेत जमेल का? नाताळची सुट्टी बरी की दुसरा कोणता काळ? समुद्रात मुलीला किती खेळू द्यावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपला बेत मी नकाशा समोर ठेवून पाहिला. तो जमेल, पण तुम्हा चौघांना नव्हे. एकट्या दुचाकीस्वाराला जमेल. पाच दिवसांत नऊ ठिकाणे म्हणजे रोज सकाळी सामान बांधायचे, रोज रात्री नव्या अंथरुणावर झोपायचे आणि मधला वेळ वळणावळणाच्या रस्त्यावर, गाडी लागणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन काढायचा. माझा मुलगा चार वर्षांचा असताना आम्हीही अशीच धावती सहल केली होती. विजयदुर्गाच्या दरवाजातून आत शिरण्याआधीच तो खांद्यावर झोपला, आणि आज त्या प्रवासातले त्याला एवढेच आठवते, की धक्क्यावरच्या दगडांत लाल खेकडे होते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की मालवण-तारकर्ली परिसरात एकाच घरी चार रात्री राहा आणि जे पाहायचे ते तेथूनच, अर्ध्या दिवसाच्या आत परत येता येईल असे पाहा. गणपतीपुळे आणि रत्नागिरी या खेपेस वगळा. ती वेगळी सहल आहे. रेडी आणि वेंगुर्लाही सोडा. आंबोलीची खरी शोभा पावसाळ्यात असते, आणि त्या घाटात मुलीचे हाल होतील ते वेगळेच.

गाडीचाही फेरविचार करावा. ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस पकडली तर मुलगी झोपेतच प्रवास करील आणि सकाळी आपण कुडाळला उतराल. दिवसा जायचे असेल तर वंदे भारत ठाण्याला थांबते आणि दुपारच्या आत कणकवलीला पोहोचवते. दोन्हींपैकी मला रात्रीची गाडी बरी वाटते, कारण बसून काढायचे सहा तास साडेचार वर्षांच्या मुलाला फार होतात. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. मात्र स्वतंत्र बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते. सासूबाईंना खालची बर्थ लागेलच, तेव्हा मुलीसाठीही पैसे मोजून एक बर्थ घ्यावी, असे मी म्हणेन. आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते आणि या मार्गावर ते झपाट्याने भरते. कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर आहे. ज्यांच्याकडे मुक्काम करणार त्यांनाच रिक्षा किंवा गाडी पाठवायला सांगावी.

काळाविषयी सांगायचे तर नाताळचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत किनाऱ्यावर मुंबईइतकीच गर्दी असते आणि भाडी चढलेली असतात. मुलगी बालवाडीत आहे, म्हणजे शाळेच्या सुट्टीला बांधलेली नाही, आणि ही मोकळीक आपल्याला फार तर एखादे वर्ष मिळेल. जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा, तोही सोमवार ते शुक्रवार, असा काळ धरावा. हवा कोरडी असते, सकाळी अंगावर पातळ स्वेटर लागतो आणि समुद्र सहसा शांत असतो. त्या सुमारास गावोगावच्या जत्राही चालू असतात. मुक्कामाच्या घरच्या बाई दशावताराला नेतो म्हणाल्या तर सासूबाईंना अवश्य पाठवा. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो, त्यामुळे मुलीला नेण्याचा हट्ट नको.

आता समुद्र. येथे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण मुंबईकडून येणारी मंडळी दिवसाची आखणी घड्याळावर करतात आणि किनारा चालतो तिथीवर. दर्यावर्दी लोकांचा एक जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मालवणला भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ तेथल्या कोणत्याही होडीवाल्याला विचारावी. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास गेलात, तर सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, अशा दोन्ही वेळा समोर रुंद, ओली, घट्ट वाळू मिळेल. दुपारी समुद्र वर येईल तेव्हा मुलगी घरात झोपलेली असेल. अष्टमीच्या सुमारास गेलात तर नेमके उलटे होईल. संध्याकाळी खेळायला वाळूचा अरुंद पट्टाच उरेल आणि मोठी वाळू भर उन्हात उघडी पडेल. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कॅलेंडरवर तिथी पाहा.

मुलीला पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि तेही मोठ्या माणसाने हात धरल्याशिवाय नको. किनाऱ्यावर बसून ‘लक्ष ठेवणे’ पुरेसे नसते. लाट मूल पाडायला दोन क्षणही घेत नाही. ओहोटी लागली की पाणी पाय ओढते, तेव्हा कोणीच पोहायला जाऊ नये. देवबागच्या संगमावर, जेथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथे हा ओढ विशेष असतो. ती जागा होडीतून पाहावी, पण मुलीला तेथे पाण्यात उतरवू नये. होडीत बसताना मुलीच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मागून घ्या. मोठ्यांचे जाकीट दोऱ्यांनी आवळून घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली जाते. लहान माप नसेल तर ती होडी सोडून द्यावी, मग होडीवाला काहीही म्हणो. स्कूबा वगैरे आपणा दोघांना करायचे असेल तर आळीपाळीने करा. एकजण नेहमी मुलीजवळ राहील.

पाहण्याची ठिकाणे तीनच सुचवतो. पहिले अर्थातच सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला मालवणच्या धक्क्यावरून होडीने गाठता येतो, आणि मुलीच्या दृष्टीने खरी मौज त्या होडीचीच असेल. सकाळच्या पहिल्या होड्यांपैकी एक धरावी, कारण आत सावली थोडी आहे. सगळी तटबंदी फिरण्याचा अट्टहास नको. दरवाजाजवळचे महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, शिवराजेश्वर मंदिर आणि गोड्या पाण्याच्या तीन विहिरी एवढे पुरे. त्या विहिरींची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी आहेत, आणि चारी बाजूंना खारे पाणी असताना मध्येच गोडे पाणी कसे, हा प्रश्न मुलगी आपणहून विचारील. सासूबाईंना होडीत चढ-उतार करायला आधार लागेल. गुडघे फारच दुखत असतील तर त्यांनी धक्क्यावर बसून राहणे श्रेयस्कर.

दुसरा दिवस पिंगुळी आणि सावंतवाडी यांना द्यावा. कुडाळला लागून असलेल्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या कुटुंबाने गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभे केले आहे. आधी दूरध्वनी करून खेळ दाखवाल का, असे विचारून जावे. सावंतवाडीत चितार आळीत लाकडी खेळणी मिळतात. भाज्या, फळे, भातुकली, सगळे हाताने रंगवलेले. राजवाड्यात गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ पाहायला मिळतो. दशावतारी गंजिफाच्या डावात १२० गोल पाने असतात; मुलीला त्यातला मासा आणि कासव ओळखायला सांगा. खेळण्यांच्या दुकानात मात्र राजवाड्यानंतरच शिरावे, आधी गेलात तर राजवाडा राहिलाच म्हणून समजा.

तिसरे कुणकेश्वर. मालवणहून आचऱ्यावरून किनाऱ्याच्या रस्त्याने गेले की सकाळी निघून जेवायला परत येता येते. देऊळ थेट पुळणीच्या काठावर आहे, त्यामुळे सासूबाई दर्शन घेत असताना मुलगी वाळूत खेळू शकेल. विजयदुर्ग तेथून आणखी पुढे आहे. यजमानांनी आग्रह धरला तरी नको म्हणावे. उरलेले दोन दिवस मोकळे ठेवावेत. आले तसे जाऊ द्यावेत.

जेवणाची काळजी आपण समजता तेवढी नाही. मालवणी घरात सकाळी घावणे किंवा आंबोळ्या होतात. घावणे-रस किंवा शिरवाळे-रस, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस, हे वरणभातावर वाढलेल्या मुलांनाही आवडते. वाटपाची आमटी तिखट वाटली तर नुसता उकडा भात आणि पातळ सोलकढी द्यावी. मासे चाखवायचे असतील तर सुरमईच्या तुकडीपासून सुरुवात करावी. तारली, पेडवे यांत बारीक काटे फार. पाणी उकळलेले मागावे, आणि आपल्या डॉक्टरांकडून उलटी व तापाची औषधे वजनानुसार मात्रा लिहून घेऊन सोबत ठेवावीत. मुलांचे डॉक्टर जवळ कोठे आहेत, हे पोहोचल्याच्या दिवशीच विचारून ठेवा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि त्याची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच असते. सावंतवाडीजवळ माझे आजोळ आहे. भर पावसात त्याला तेथे नेण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : अर्थ आहे, फक्त समुद्र विसरून जा. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात. यांत्रिक नौकांची मासेमारीही जून-जुलैत बंद असल्याने ताजे मासे कमी मिळतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेगळे वेळापत्रक असते, गाड्या हळू धावतात. म्हणून परतीच्या विमानाआधी मुंबईत एक दिवस हाताशी ठेवावा. सहल गणेशचतुर्थीला लागून येत असेल तर आरक्षण सर्वांत आधी करावे, कारण चाकरमान्यांपुढे तुमचा निभाव लागणार नाही.

मुलाला आंबोलीला न्या, पण शनिवार-रविवारी नव्हे, कारण तेव्हा धबधब्यापाशी माणसेच पाहावी लागतात. आठ वर्षांच्या मुलाला धबधब्यापेक्षा बेडूक अधिक आवडतील. आंबोलीच्या नावानेच ओळखला जाणारा एक भेक २००९ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला आणि हिरण्यकेशीच्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाला २०२० मध्ये नदीचेच नाव मिळाले; पुढल्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. रात्री विजेरी घेऊन स्थानिक जाणकारासोबत फिरावे, प्राणी हाताळू नयेत आणि कुंडात उतरू नये.

आजोळी भाताची लावणी चालू असेल तर मुलगा चिखलात उतरायचा हट्ट धरील, आणि त्याला उतरू द्यावे असे मलाही वाटते. पण या जिल्ह्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आढळतो. उंदीर व गुरांच्या लघवीतून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि कापलेल्या, खरचटलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. पायाला जखम असेल त्या दिवशी बांधावरच उभे करावे, एरवी गमबूट घालावेत आणि वर आल्यावर साबणाने पाय धुवावेत. आजाराची लक्षणे कधी कधी तीन-चार आठवड्यांनीही दिसतात. तोवर आपण परत गेलेले असाल. तेथे मुलाला ताप आला तर तो भाताच्या शेतात उतरला होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ते स्वतः विचारतील असे नाही.