अवस्थांच्या मॉडेलवरून किडीच्या कुठल्या अवस्थेवर मारा करायचा हे खरंच कळतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. अळी अळीच राहण्याची आणि अळीचा कोष होण्याची संभाव्यता वेगवेगळी कशी काढायची, आणि त्या मॅट्रिक्सवरून (कुठल्या अवस्थेतले किती तिथेच राहतात आणि किती पुढे जातात याचा तक्ता) कुठल्या अवस्थेवर मारा करावा हे ठरवता येतं का. पहिलं कुठल्याही पुस्तकात सापडेल. दुसऱ्यावरून माझं सख्ख्या काकांशी वाजलंय, म्हणून लिहायला बसलो.

दापोली तालुक्यात किनाऱ्याला लागून आमची माडांची वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारभरात निम्मे माड आडवे झाले. घरावर कौलं नव्हती, लाईट नव्हती, पडलेल्या खोडांकडे कोण बघतो? ती पावसात कुजत राहिली. पुढच्या वर्षी उभ्या माडांचे नवे झाप उमलले ते कात्रीने त्रिकोण कापून काढल्यासारखे. माडाच्या शेंड्यात घुसणारा गेंड्या भुंगा.

काकांचा इलाज म्हणजे तारेचा आकडा. गड्याला माडावर चढवायचा, शेंड्यातल्या भोकात आकडा घालून भुंगा ओढून काढायचा. काढलेले भुंगे त्यांनी रॉकेलच्या बरणीत ठेवले होते, आल्यागेल्याला दाखवायला.

मी एका खोडाला पहार घातली. आतला गाभा चहाच्या चोथ्यासारखा ओला झालेला, आणि त्यात याच भुंग्याच्या अंगठ्याएवढ्या जाड पांढरट अळ्या, वेटोळं करून पडलेल्या. दीड हात ओंडक्यात चाळीसच्या वर निघाल्या. काका म्हणाले, "त्या बिचाऱ्या कुजका ओंडका खातायत. तुझं काय खाल्लं त्यांनी?" बरोबरच आहे, ही अळी जिवंत माडाला तोंड लावत नाही. नुकसान करतो तो भुंगा. पण नुकसान करणारी अवस्था आणि संख्या जिथे आवळता येते ती अवस्था एकच असायला हवी, असं कुणी सांगितलं?

आता तुमचं गणित. पायरी दहा दिवसांची धरा. अंडं एक पायरी, अळी साधारण बारा, कोष दोन-तीन, पुढे भुंगा काही महिने. एका पायरीत जगण्याची शक्यता स आणि त्या अवस्थेच्या पायऱ्या न असतील, तर

दर पायरीला पुढच्या अवस्थेत जाणारे = स^न × (१ − स) ÷ (१ − स^न)

आणि तिथेच राहणारे = स वजा हा आकडा. स ०.९ आणि न १२ धरला तर पुढे जातात ०.०३९. बहुतेक विद्यार्थी ०.९ ला सरळ १२ ने भागतात आणि ०.०७५ लिहून मोकळे होतात, म्हणजे जवळपास दुप्पट. कारण साधं आहे: वाटेत मरतात, त्यामुळे बारावी पायरी गाठलेल्या अळ्या एकूण अळ्यांच्या एक बारांश नसतात, त्याहून कमी असतात.

आणि आता काकांसाठी. अळीची जगण्याची शक्यता दर दहा दिवसांना ०.९ असेल तर बारा पायऱ्या पार करतात २८ टक्के. ती ०.८ वर आणा, पार करतात ७ टक्के. माझे आकडे धरलेले आहेत, मान्य, पण लांब अवस्थेत थोडीशी जास्त मर किती चढत जाते ते दिसतं. हे मी काकांना एक्सेलवर दाखवलं. ते म्हणाले, "मुंबईत बसून माड शिकलास होय?"

मी आमच्या बाजूची खोडं फोडून वाळवली, गायरी (शेणखताचा खड्डा) उपसली, खतात अळ्यांना मारणारी हिरवी बुरशी मिसळली. गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) काकांची सहा खोडं तशीच पडून. पऱ्यावर (ओढ्यावर) साकव घालायला होतील म्हणे. पुढच्या पावसाळ्यात आमचे माड परत कातरलेले, आणि काका सगळ्या आळीत सांगत फिरले की पुतण्याचं गणित पडलं.

गणित पडलं नव्हतं. मॅट्रिक्स बंदिस्त संख्येसाठी होती आणि भुंगा गडगा उडून येतो. चूक माझीच, हद्द चुकीची धरली. पण ती खोडं कुणाची होती हो?

या मॉडेलसाठी तुम्ही कासवाचं उदाहरण घ्याल असं वाटतंय, कोकणातला प्रत्येक जण वेळासचं कासव घेतो. घ्या. लॉगरहेड या समुद्री कासवांवरचं १९८७ चं काम मात्र नीट वाचा: अंडी शंभर टक्के वाचवली तरी संख्या घटतच राहते, मोठी पिल्लं वाचली तर सावरते. तिथेही सगळे बघत होते ती अवस्था वेगळी आणि कळीची वेगळी. वयाऐवजी अवस्थांचे गट घेणारी मॅट्रिक्स १९६५ मध्ये लेफकोविचने मांडली, आणि तो साठवणीतल्या किड्यांवर काम करणारा माणूस होता, तेव्हा भुंगा घेतलात तरी कमीपणा नाही.

राहिलेल्या गोष्टी. वरचं सूत्र संख्या स्थिर आहे असं धरून आहे; संख्या वाढत असेल तर अळ्यांत लहानांचं प्रमाण जास्त आणि पुढे जाणारे आणखी कमी. शिवाय अंडं, अळी, कोष, भुंगा असे चारच खाने केलेत तर कागदावर अंड्याचा भुंगा महिना-सव्वा महिन्यात होऊन बसतो, जे अशक्य आहे. अळी तीन टप्प्यांतून वाढते, तिचे निदान तेवढे तरी खाने करा. आणि काकांचा तारेचा आकडा अगदी फुकट नाही. मादी अंडी घालायच्या आधी निघाली तर फायदा आहे, आणि या वर्षी तो एक माड वाचवायचा असेल तर दुसरं काही लगेच लागू पडत नाही. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.

आकडे हवे असतील तर माडाखाली उभं राहून झाप मोजा. साधारण महिन्याला एक झाप येतो. कातरलेला झाप वरून कितवा ते पाहिलं की भुंगा अंदाजे कधी घुसला ते कळतं. आमच्या गडग्याजवळच्या माडाला पाचवा, सहावा आणि नववा कातरलाय. साकव अजून झालेला नाही.