ब्लॉक बदलला, आरसीवरचा नंबर तोच राहिला

प्रश्न : वडिलांची 1969 ची फियाट 1100 बारा वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. वडील गेल्यावर ती पुन्हा चालती करायची ठरवलं. इंजिन मूळचंच ठेवायचं, असं बजावून सांगली जिल्ह्यातल्या एका गॅरेजला गाडी दिली. 1 लाख 40 हजारांत काम ठरलं, 60 हजार आगाऊ दिले. पावती नाही, बोलणं सगळं व्हॉट्सॲपवर. चौदा महिन्यांनी मेस्त्री म्हणतात, ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याला, तडा होता म्हणून दुसरा बसवला. त्यामुळे इंजिनचा नंबर वेगळा. आता बाकी 80 हजारांऐवजी 1 लाख 10 हजार मागतात, शिवाय पाच महिन्यांचं 15 हजार जागाभाडं. पैसे दिल्याशिवाय गाडी सोडणार नाहीत. 'नंबरचं टेन्शन घेऊ नका, जुना नंबर ठोकून देतो' असंही म्हणाले. मला पुढे व्हिंटेज नोंदणी करायची आहे. गाडी कशी सोडवू? आणि असं काम करणारा खरा कारागीर शोधायचा कसा? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तुम्ही शेवटाकडे, जाता जाता लिहिलंय. 'जुना नंबर ठोकून देतो.' आधी त्याला लेखी नकार कळवा, आजच. तोंडी नको.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत ब्लॉकवरची नंबरची सपाट जागा दिसते. तिच्यावर ग्राइंडरचे आडवे ओरखडे आहेत आणि शेवटचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा किंचित खाली बसलेत. नंबर घासून पुन्हा ठोकला असावा, अशी शंका येते. फोटोवरून मी निकाल देणार नाही. इतक्या जुन्या ब्लॉकवर गंज काढतानाही ओरखडे पडतात. पण हा ब्लॉक कुठल्या गाडीचा, कुणाकडून घेतला, बिल कुठाय, हे तीन प्रश्न त्यामुळे टाळता येत नाहीत. उद्या तो चोरीच्या गाडीतला निघाला तर पोलीस मेस्त्रीकडे जातील तसे तुमच्याकडेही येतील. आणि तुमच्या संमतीने त्यावर जुना नंबर उमटला, तर मग 'मला काय माहीत' म्हणायला तोंड उरत नाही.

आता गाडी अडवण्याबद्दल. गॅरेजवाल्याला गाडी अडवण्याचा हक्कच नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते अर्धवट आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 170 त्याला असा हक्क देतं. कायद्यातलंच उदाहरण बघा : सराफाकडे कच्चा हिरा पैलू पाडायला दिला, त्याने पैलू पाडले, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा धरून ठेवू शकतो. मेस्त्री त्या सराफाच्या जागी आहे. पण त्याच कलमात एक अट आहे, ती गॅरेजवाले वाचत नाहीत. काम 'ज्या हेतूने वस्तू दिली त्या हेतूला धरून' झालेलं हवं. तुम्ही मूळ इंजिन बांधायला दिलंत, त्याने दुसरं बांधलं. सराफाने हिरा बदलून पैलू पाडले, तर मजुरी कसली मागतो? इथे तुमची बाजू भक्कम आहे. पण पूर्ण नाही. हेडचं काम, कार्ब्युरेटर, क्लच, वायरिंग, जे ठरल्याप्रमाणे झालंय त्याची मजुरी त्याला द्यावीच लागेल.

जागाभाडं मात्र देऊ नका. स्वतःच्या पैशासाठी गाडी अडवून ठेवायची आणि अडवून ठेवल्याचं भाडंही मालकाकडून घ्यायचं, हे चालत नाही. आधी तसं ठरलं असतं तर गोष्ट वेगळी. तुमच्या चॅटमध्ये जागाभाड्याचा शब्दही नाही, मी दोनदा वाचलं.

तुमचा तडकलेला ब्लॉक कुठाय, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. तो तुमचा आहे. भंगार असला तरी तुमचा. कलम 160 प्रमाणे दिलेली वस्तू परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याने तो भंगारात घातला असेल तर कलम 161 प्रमाणे नुकसानीला तोच जबाबदार. बिडाच्या ब्लॉकचा तडा दर वेळी असाध्य नसतो. जागा बघून स्टिचिंग होतं, म्हणजे धातूचे टाके घालता येतात, सिलिंडरमध्ये असेल तर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, मारता येते. 'तडा होता' म्हणणाऱ्याने तडा दाखवायला हवा होता, निदान फोटो तरी. तो ब्लॉक हाती आला तर तुमची अर्धी केस तिथेच उभी राहते.

कायद्याच्या लेखी इंजिन म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. पिस्टन बदला, क्रँक ग्राइंड करा, 68 मिलिमीटरचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ओव्हरसाइज करा, बेअरिंगं नवी घाला, आरटीओच्या दृष्टीने इंजिन तेच. कारण नंबर ब्लॉकवर असतो आणि आरसी बुकात तोच लिहिलेला असतो. ब्लॉक गेला की तुमची नोंद खोटी पडते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे असा बदल नोंदणी अधिकाऱ्याला चौदा दिवसांत कळवावा लागतो. न कळवता फिरवलीत तर कलम 182अ(4) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा नंबरच जुळवून बघतो. म्हणून गाडी ताब्यात आली तरी साताऱ्याला चालवत आणू नका. टो करून आणा.

व्हिंटेज नोंदणीचं सांगतो. 2021 पासून केंद्रीय नियमांत त्याची स्वतंत्र सोय आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्यात बसते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीची फी 20 हजार, मुदत दहा वर्षं. तुमची गाडी वयाने बसते, आताच्या इंजिनाने अडते. हे नुकसान भरपाईत स्पष्ट मागा, कारण इंजिन 'मूळचंच' हवं हे तुम्ही पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलंय. एक आगाऊ प्रश्न : ही नोंदणी तुम्हाला खरंच हवी आहे का? ती घेतल्यावर रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन मेणवलीच्या घाटावर जायचं असेल, तर साधी नोंदणी नूतनीकरण करून ठेवलेली बरी.

दाद ग्राहक आयोगात मागा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, सांगलीला हेलपाटे नकोत. मुदत दोन वर्षांची, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. तक्रारीसोबतच कलम 38(8) खाली अंतरिम अर्ज द्या : वादाची रक्कम आयोगात भरतो, गाडी आणि जुना ब्लॉक ताब्यात द्या. एवढं थांबवत नसेल, तर दुसरी वाट : झालेल्या कामाचे वाजवी पैसे 'हक्क राखून देत आहे' असं लिहून ऑनलाइन भरा, गाडी उचला, मग भांडा. रोख एक रुपयाही देऊ नका.

पोलिसांत जाऊ का, असं प्रत्येक जण विचारतो. न सांगता ब्लॉक विकला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 316, म्हणजे विश्वासघाताचं, लागू होऊ शकतं. पण मी मेस्त्रींना पाठवणार आहे त्या नोटिशीचं उत्तर येईपर्यंत थांबा. मेस्त्री गुन्हेगारच आहे असं मला वाटत नाही. अडचणीत सापडून स्वतःच्या अकलेने मार्ग काढणारा माणूस वाटतो, आणि अशी माणसं वकिलाची नोटीस आली की बहुधा बोलायला लागतात. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. फौजदारीत गेलात तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी हवा.

कारागिराबद्दल विचारलंत. मी वकील, पण अशा चार-पाच फायली बघून एक कळलंय : इंजिन खोलणारा आणि इंजिन बांधणारा ही दोन माणसं असतात. आपल्याकडे दुसऱ्या जातीची कमी नाही. साताऱ्यात कूपरांची डिझेल इंजिनं झाली, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, कोल्हापूरचं उद्यमनगर शेजारीच. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंगचे जुने मशीनवाले मिरज-कुपवाड भागात आजही भेटतील. गाड्यांच्या गॅरेजआधी त्यांच्याकडे जा आणि विचारा, फियाटचे ब्लॉक तुमच्याकडे कामाला कोण आणतं? त्यांचं उत्तर कुठल्याही पाटीपेक्षा खरं. मग त्या माणसाच्या टेबलाशी थोडा वेळ बसा. बोअर गेज लावून चारही सिलिंडरची मापं वर-मध्ये-खाली घेऊन वहीत लिहितो का बघा. बोट फिरवून 'चांगला आहे' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. आणि जॉबकार्डावर हे लिहून दोघांच्या सह्या घ्या : इंजिन नंबर, त्याचा फोटो, ब्लॉक बदलायचा झाल्यास आधी लेखी परवानगी, काढलेला प्रत्येक पार्ट मालकाला परत, आणि पैसे टप्प्याटप्प्याने.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण आरसीच्या फोटोत दिसते. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे. वारसाने मालक गेल्यापासून तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरायचा असतो. उशीर झालाय, दंड भरून होईल. पण नंबरचा प्रश्न घेऊन आरटीओच्या खिडकीशी जाण्याआधी ते उरका, नाहीतर 'तुम्ही कोण?' इथूनच सुरुवात होईल.

नोटीस तयार व्हायला चार दिवस लागतील. तोवर आज रात्री मेस्त्रींना एवढंच पाठवा : 'माझ्या गाडीच्या कोणत्याही ब्लॉकवर कोणताही नंबर ठोकू किंवा घासू नये. माझा जुना ब्लॉक आहे तसा जपून ठेवावा, त्याचा फोटो पाठवावा. बसवलेल्या ब्लॉकचं बिल पाठवावं. झालेल्या कामाचा हिशेब लेखी द्यावा, योग्य ती रक्कम देण्यास मी तयार आहे.' मेसेजवर दोन निळ्या टिका आल्या की स्क्रीनशॉट काढून मला पाठवा.