अविवाहित मुलीला पाळीच्या त्रासासाठी गर्भनिरोधक गोळ्या द्याव्यात का?

आपल्या 19 वर्षांच्या मुलीला डॉक्टरांनी पाळीच्या त्रासावर गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या आहेत, आणि पुढे तिला मूल होण्यात अडचण येईल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु पुण्यात कॉलेजला असताना मी याच गोळ्या तीन वर्षे घेतल्या आहेत.

माझ्या अंगावरून आठ-नऊ दिवस जात असे आणि पहिले दोन दिवस अंथरुणातून उठवत नसे. हिमोग्लोबिन 8 वर आले, तेव्हा कुठे आई मला सदाशिव पेठेतून टिळक रस्त्यावरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी सांगितले की गर्भाशयाच्या आतले जे अस्तर दर महिन्याला जाड होऊन गळून पडते, ते या गोळ्यांमुळे पातळच राहते. त्यामुळे रक्तस्राव घटतो, आणि कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्येही कमी तयार होतात. तिसऱ्या महिन्यापासून पाळीच्या दिवसांतही मी सकाळच्या तासांना बसू लागले.

एनोव्हिड ही या प्रकारची पहिली गोळी अमेरिकेत 1957 साली पाळीच्या तक्रारींवरचे औषध म्हणूनच मंजूर झाली होती; गर्भनिरोधनासाठी तिला मान्यता मिळाली ती 1960 मध्ये. पीसीओडी (बीजांडकोशाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) या विकारातली अनियमित पाळी, चेहऱ्यावरचे मुरूम आणि एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकाराच्या) वेदना यांवरही या गोळ्या दिल्या जातात. बीजांडकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका त्या घेणाऱ्या स्त्रियांत कमी आढळतो, आणि गोळ्या थांबवल्यावरही हा लाभ अनेक वर्षे टिकतो, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या जणींना ठाऊक आहे याचे मला वाईट वाटते.

गोळ्यांमुळे वंध्यत्व येत नाही. मात्र घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, मुलीचा रक्तदाब वाढलेला असेल, किंवा डोके दुखण्याआधी तिच्या डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेघा चमकत असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. अशा वेळी ते दुसरा उपाय सुचवतील. सुरुवातीला थोडी मळमळ होते, ती बहुधा दोन-तीन महिन्यांत ओसरते.

आईने माझ्या गोळ्यांचे पाकीट आत्यांच्या नजरेस पडू नये म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवले होते, त्यामुळे माझ्या गोळ्या वारंवार चुकत आणि मधेच रक्ताचे डाग पडत. आपण ते पाकीट जेवणाच्या टेबलावर इतर औषधांसोबत ठेवावे आणि रात्रीच्या जेवणानंतर रोज ठरलेल्या वेळी मुलीला गोळीची आठवण करावी.