नकार त्यांना देऊ दे

प्रिय पोरी,

काल तलावपाळीवर लष्करात अधिकारी व्हायला अर्ज का करायचा नाही, याची तू एकेक बोट मोडत मला कारणं सांगत होतीस. चष्मा आहे, मार्क बेताचे आहेत, आई रडेल, आयटीची ऑफर हातात आहे. मी गप्प बसले, कारण तुझी आई शेजारी होती. आता लिहिते.

चष्म्याचं तू कशाला ठरवतेस? डोळे तपासायला त्यांचे डॉक्टर आहेत. मार्कांचंही तेच. शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलला, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी इंजिनिअर अधिकारी घेतात त्या भरतीला, लेखी परीक्षा नाही, इंजिनिअरिंगच्या मार्कांवर कट-ऑफ लागतो. लागू दे. नकार द्यायचा तर त्यांना देऊ दे, तू आधीच देऊन मोकळी होऊ नकोस.

शिक्षण वाया जाईल, असंही म्हणालीस. त्याचा मला राग आला. 1948 च्या एप्रिलमध्ये, पाकिस्तानशी लढाई चालू असताना, जम्मूतल्या राजौरीच्या वाटेवर रामा राघोबा राणे यांनी रणगाड्यांसाठी सुरुंग काढून रस्ता करून दिला. एका ठिकाणी तर ते रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत पुढे गेले. परमवीर चक्र मिळालेला हा माणूस आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअरांच्या दलाचा. रस्ते, पूल, सिग्नल्स, रणगाड्यांची दुरुस्ती हे सगळं इंजिनिअरचंच काम आहे.

आता माझं ऐक. 1992 मध्ये लष्कराने डॉक्टर-नर्सखेरीज इतर शाखांतही बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी बारावीत होते. इंजिनिअर झाल्यावर अर्ज भरला, फोटो चिकटवला, सही केली. पोस्टात टाकला नाही. 'माझी उंची बसणार नाही,' असं मीच ठरवलं. कुणी मोजलीही नव्हती गं! तो अर्ज कपाटात साड्यांच्या घडीखाली राहिला आणि वय निघून गेलं. रबाळ्याच्या कारखान्यात पॅनल डिझाइन करत मी घर उभं केलं, धाकट्या भावाला शिकवलं. त्याची मला लाज नाही. वडिलांचं आजारपण होतं, घर सोडणं सोपं नव्हतं, हेही खरं. पण अर्ज टाकायला घर सोडावं लागत नाही, हे त्याहून खरं.

तुझं बरं आहे. आमच्या वेळी ठरलेली वर्षं संपली की परत यायचं. 2020 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बायकांनाही कायम कमिशनची, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी राहण्याची, वाट मोकळी केली. वयाची मर्यादा 27, तू 22 ची. लष्कराच्या अकादमीत 49 आठवड्यांचं प्रशिक्षण आहे.

एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडायची त्यांची चाचणी, पाच दिवसांची असते. पहिल्याच दिवशी बरेचजण घरी परततात. मग 60 शब्द एकेक करून दाखवतात, प्रत्येकी 15 सेकंद, त्यावर मनात येईल ते वाक्य लिहायचं. तिथे पाठ केलेली वाक्यं नेऊ नकोस. नापास झालीस तर झालीस, पुन्हा जा. पण तो निकाल त्यांच्या तोंडून ऐक.

आईशी मी बोलेन. तिला भीती वाटते, ती खोटी नाही, आणि मी तिला खोटा धीर देणार नाही.

रविवारी सकाळी सहाला उपवनला बूट घालून ये, पळायचं आहे. नंतर माझ्याकडे चहा. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट आण. अर्ज आपण तिथेच भरू आणि पाठवूनच उठू.

तुझी,
मावशी