वाचकांचे प्रश्न : सुपरचार्जरच्या इंजिनाचा इंटरकूलर कुठे बसवावा?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो. माझ्याकडे १९८८ सालची टोयोटा एमआर-२ आहे. तिचे मूळचे ४ए-जीई इंजिन उतरवून, जपानहून आलेले सुपरचार्जरचे (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाचे) ४ए-जीझेडई इंजिन घरच्या गॅरेजमध्येच बसवीत आहे. इंजिनाबरोबर इंटरकूलर, म्हणजे ती दाबलेली तापलेली हवा थंड करणारा भाग, मात्र आला नाही. एका टर्बोच्या गाडीचा मोठा इंटरकूलर स्वस्तात मिळत असून तो पुढच्या बंपरमागे बसवावा, असे मित्र सुचवतात. हे योग्य होईल का? आणि इंटरकूलर अजिबात न लावता गाडी चालवली तर काय बिघडेल?

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावरच उभे आहे.

या इंजिनावरचा एससी-१२ हा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर आहे. तो हवा स्वतःच्या पोटात दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो, आणि दाब पुढच्या नळीत तयार होतो. या पद्धतीत हवा गरजेपेक्षा बरीच जास्त तापते. बाहेरचे तापमान २० अंश सेल्सिअस आणि वाढीव दाब सुमारे अर्धा बार धरला, तर आदर्श परिस्थितीतही हवा ३५ ते ४० अंशांनी तापेल; प्रत्यक्षात रूट्सची कार्यक्षमता लक्षात घेता ती ९० अंशांच्या आसपास पोहोचते. बऱ्यापैकी इंटरकूलर तीच हवा ४५ अंशांपर्यंत खाली आणतो. हवेची घनता त्यामुळे १४ टक्क्यांच्या घरात वाढते, आणि इंटरकूलरमधील दाबाची घट वजा केली तरी ८–९ टक्के पदरात पडतात. पण माझ्या मते खरा लाभ ताकदीचा नसून नॉकिंग टळण्याचा आहे. तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोल-हवेचे मिश्रण वेळेआधी भडकते; यालाच नॉकिंग म्हणतात. हे इंजिन कमी कॉम्प्रेशनचे आणि घडीव (फोर्ज्ड), मजबूत पिस्टनचे असले, तरी उन्हाळ्यात मोटरवेच्या लांब चढावर ते इंटरकूलरशिवाय राबवणे मला धोक्याचे वाटते.

आता जागेचा प्रश्न. बंपरमागचा इंटरकूलर टर्बोच्या गाडीत शोभतो, कारण तेथे थ्रॉटलची, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप सहसा इंटरकूलरनंतर, इंजिनाच्या तोंडाशी असते. आपल्या इंजिनात क्रम वेगळा आहे : एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा), थ्रॉटल, सुपरचार्जर, इंटरकूलर आणि मग मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्या). म्हणजे थ्रॉटलनंतर जितकी पोकळी, तितका ॲक्सिलरेटरला मिळणारा प्रतिसाद संथ. एमआर-२चे इंजिन आसनांच्या मागे असल्याने पुढे जाऊन परत येणारी नळी सहज चार मीटर होईल. नळीचा आतला व्यास ५० मिलिमीटर धरला तर तिच्यातच जवळपास आठ लिटर हवा मावते, म्हणजे १५८७ घन सेंटिमीटरच्या इंजिनाच्या पाचपट; इंटरकूलरचे पोट वेगळेच. पाय दाबला की आधी ही कोठी भरायची, आणि पाय उचलला की इंजिन त्या कोठीतील हवा ओढत राहून उशिरा मंदावणार. सुपरचार्जर घ्यायचा तो पाय दाबताक्षणी मिळणाऱ्या ओढीसाठी. तीच गमावून मोठा इंटरकूलर मिरवण्यात काय हशील?

टोयोटाने म्हणूनच मूळचा इंटरकूलर इंजिनाच्या माथ्यावर बसवला आणि त्याला वारा मिळावा म्हणून मागच्या झाकणावर उंचवटा दिला. तो इंटरकूलर आणि ते झाकण जुन्या सुट्या भागांत एकत्र मिळाले, तर दुसरे काही शोधू नये. साध्या गाडीचे झाकण ठेवून नुसता इंटरकूलर बसवला, तर तो इंजिनाच्याच उष्णतेत शेकत राहील. सिग्नलला पाच मिनिटे थांबल्यावर मूळची व्यवस्थाही थोडी तापते, एवढे मान्य करावे लागेल.

झाकण न मिळाल्यास पाण्याने थंड होणारा छोटा इंटरकूलर त्याच माथ्यावर बसवावा. लांबचा प्रवास मग हवेऐवजी पाणी करते आणि पोकळी लहानच राहते. इंजिनाच्या रेडिएटरचे पाइप या गाडीत तळाशी पुढून मागे गेलेलेच आहेत. त्यांच्या शेजारून, पण त्यांना न चिकटता, दोन होज नेता येतात. हे पाणी इंजिनाच्या पाण्यात कधीही मिसळू नये, कारण तेथील ८५–९० अंशांच्या पाण्याने हवा थंड होणार नाही. पुढे वेगळा छोटा रेडिएटर, विजेवर चालणारा पंप, निम्मे अँटिफ्रीझ आणि सर्वांत उंच जागी टाकी, एवढे पुरते. पूर्ण जोरात या इंजिनाच्या हवेतून साधारण पाच किलोवॉट उष्णता काढावी लागते. मिनिटाला १५ लिटर पाणी फिरले तर ते एका फेरीत पाच-सहा अंशच तापते. वळणांत अडकलेली हवा काढायला मात्र कंटाळू नये. पंप फिरतो आहे आणि पाणी जागचे हलत नाही, ही तक्रार बहुधा तेथूनच निघते.

जोडणीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. थ्रॉटलनंतरची गळती येथे दुहेरी फसवते : आयडलिंगला त्या भागात निर्वात असल्याने मीटरने न मोजलेली हवा आत येऊन इंजिन डुलते, तर जोरात चालवताना मोजलेली हवा बाहेर जाऊन मिश्रणात पेट्रोल जास्त होते. त्यामुळे नळ्यांच्या टोकांना होज निसटू नये म्हणून उठावदार कड पाडून घ्यावी, अनेक थरांचे सिलिकॉन होज वापरावेत, आणि थ्रॉटलच्या तोंडातून अर्धा बार हवा भरून प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावावे. जुना इंटरकूलर घेतल्यास आतले तेल धुऊन पूर्ण वाळवावे. एअरफ्लो मीटरमधील तापमान संवेदक सुपरचार्जरच्या आधी असल्याने त्याला तापलेल्या हवेचा पत्ताच लागत नाही. इंटरकूलरनंतर स्वतंत्र संवेदक लावून काटा डोळ्यांसमोर ठेवावा. सलग चढावर तो बाहेरच्या तापमानापेक्षा २५ अंशांहून फार वर जाऊ लागला, तर पाय उचलावा आणि कारण शोधावे.

नवा इंजिन क्रमांक डीव्हीएलएला (तेथील वाहन नोंदणी कार्यालयाला) आणि हा बदल विमा कंपनीला कळवायला विसरू नये.

प्रश्न : पुण्यातील माझ्या गाडीत असाच बदल करता येईल का?

उत्तर : रस्त्यावर चालवायच्या गाडीत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केवळ बंदिस्त ट्रॅकवर चालवायची गाडी असेल, तर वरील सर्व मजकूर आपल्यालाही लागू पडतो. फरक इतकाच की हिशेब मांडताना बाहेरचे तापमान २० नव्हे, ४० अंश धरावे.